पट्टी बांधलेल्या पायाइतकंच दुसऱ्या पायाकडे बघा

रेसमधून निवृत्त घोड्याच्या पायाचं ऑपरेशन झालं की सगळे पट्टीच बघत बसतात. धोका बरेचदा जोडीच्या धडधाकट पायात असतो. सगळा भार त्यावर येतो आणि खुराच्या आत सूज धरते. रोज सकाळ-संध्याकाळ खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी बघा. एरवी ती जेमतेम लागते. ठणठण उडत असेल, खूर गरम लागत असेल, तर उद्यावर न ढकलता डॉक्टरांना फोन करा. चंदी (दाण्याचा खुराक) कमी, वाळलं गवत भरपूर. बांधून ठेवलेल्या घोड्याला हरभरा चारणं ही माया नव्हे! फिरवणं डॉक्टर सांगतील तेव्हाच, आधी ५-१० मिनिटं, दोर हातात धरून. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा हे उजाडता-उजाडताच उरका.