स्वेटर धुताना या चुका टाळा, आणि पहिले तो गिझर बंद करा

होळी झाली की आमच्या नांदेडात थंडीचे कपडे धुवून पेटीत टाकायची घाई सुरू होते, आणि त्याच आठवड्यात माझ्याकडं कॅरीबॅगमधून बिघडलेले स्वेटर यायला लागतात. वीसेक वर्षं झाली मी विणते, त्यामुळं लोकांना वाटतं हिला बिघडलेलं नीटही करता येत असेल. थोडंफार येतं, सगळं नाही येत. अन् चुका दरवर्षी त्याच, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गरम पाणी आणि मशीन. मागच्या वर्षी गल्लीतली एक सून आली, डोळे भरलेले. आकाशी रंगाचा शुद्ध लोकरीचा स्वेटर, तिच्या आईनं विणलेला, नजर कमी झालेली असताना दोन हिवाळे बसून विणलेला, आणि आई आता नाही. हिनं काय केलं तर गिझरचं पाणी, जीन्स अन् चादरींसोबत मशीन, वरून नेहमीची पावडर. बाहेर निघाला तेव्हा पाच वर्षांच्या लेकराला बसेल एवढा, आणि हाताला नमद्यासारखा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडासारखा. मला म्हणली, काकू, उसवून परत विणता येईल का हो? मी गळ्यापाशी टोक शोधलं, सुईनं सोडवायला बघितलं, पण टाका टाक्यातून सुटेचना, सगळा एकजीव झालेला.

असं का होतं तर लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखे बारीक खवले असतात, गरम पाणी अन् साबण लागला आणि वरून घुसळलं की हे केस एकमेकांत शिरतात, खवले अडकतात आणि मग माघारी फिरत नाहीत. नमदा मुद्दाम असाच करतात. म्हणून पूर्ण आळलेला स्वेटर कुणालाच परत आणता येत नाही, ओढून तर अजिबात नाही. थोडासाच आटला असेल तर कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर टाकून अर्धा तास ठेवायचा आणि ओला असतानाच हळूहळू चारी बाजूंनी पसरवायचा, कधीकधी बोटभर मिळतं. त्या पोरीच्या स्वेटरला तेवढंही मिळालं नाही. शेवटी मी त्याची पाठ कापून तिला देवापुढं बसायला आसन करून दिलं, कारण असं आळलेलं कापलं तरी उसवत नाही. रोज वापरते ती. पण आईचा स्वेटर तो आईचा स्वेटर होता, दहा मिनिटं वाचवायला गेला.

पाणी कसं पाहिजे तर हाताला ना गार ना गरम. आमच्याकडं हिवाळ्यात सकाळी बोअरचं पाणी ताजं उपसलं की कोमटच लागतं, तेच घ्या, गिझरला हात लावायचं कामच नाही. आणि शेवटपर्यंत तसंच पाणी वापरा, धुवायला कोमट अन् खंगाळायला टाकीतलं एकदम गार असं केलं तरी लोकर आळू शकते.

आता साबण. आपलं बोअरचं पाणी जड, वडीचा साबण त्यात नीट निघत नाही, स्वेटरवर पांढुरकी साय बसते अन् तो राठ होतो. कपड्याच्या पावडरीत खार असतो, आणि बऱ्याच पावडरींत डाग काढणारं जे एन्झाइम असतं ते प्रथिनं तोडतं, लोकर म्हणजे आपल्या केसांसारखं प्रथिनच की! मी रिठे वापरते. एका बादलीला दहा-बारा, फोडून बिया काढून रात्री भिजवायचे, सकाळी उकळायचे, गाळून पूर्ण गार होऊ द्यायचे. लोक म्हणतात एवढं कोण करतं, तर मग दुकानातून लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड आणा, ते चालतं, पण एक झाकण म्हणजे एकच झाकण. ब्लीच लोकरीच्या आसपासही नको, लोकर अक्षरशः विरघळते त्यात.

पांढरा आणि फिका आधी, त्याच पाण्यात मग गडद, लाल-मरून शेवटी. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेली माणसं आपण, स्वेटरमागं चार बादल्या मी पण ओतत नाही, आणि उरलेलं पाणी झाडाला जातं. भिजवायचं दहा-पंधरा मिनिटं. रात्रभर नाही. चोळायचं नाही, आपटायचं नाही, नुसतं दाबायचं अन् सोडायचं.

तुमचा स्वेटर लोकरीचा आहे का हे तरी बघितलं का? थंडीत तिबेटी लोकांच्या स्टॉलवर जे मिळतात त्यातले लई स्वेटर अॅक्रेलिकचे असतात, त्यात वाईट काही नाही, फक्त बिघडायची तऱ्हा वेगळी. आतल्या शिलाईतून एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा: केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली तर लोकर, वितळून कडक काळा मणी झाला तर अॅक्रेलिक. अॅक्रेलिक गरम पाण्यानं आळत नाही, ढिलं पडतं. त्यावर गरम इस्त्री फिरवली की बॉर्डरीचा ताण जातो आणि मग कितीही धुवा, परत येत नाही.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे ओला स्वेटर दोरीवर टांगणं. माझ्या भावासाठी मी विणलेला, केबलच्या, म्हणजे वेणीसारखे उठावदार पीळ असलेल्या डिझाइनचा, वहिनीनं धुतला एकदम नीट, रिठ्यात, कोमट पाण्यात, मला विचारून. आणि मग गच्चीवर तारेला खांद्याला दोन चिमटे लावून मोकळी झाली. पाणी प्यालेली लोकर जड असते, ते सगळं वजन खांद्याच्या टाक्यांवर आलं. संध्याकाळी बाह्या गुडघ्यापर्यंत, खांद्यावर चिमट्यांची दोन टोकं वर आलेली. तो परत ओला करून, दाबून दाबून बसवून मी बराच आणला, केबल मात्र पहिल्यासारखी उठली नाही.

माझी सवय सांगते. धुण्याआधी स्वेटर रद्दी पेपरवर ठेवून पेनानं कडा आखते. धुतला की पिळत नाही, मोठ्या टॉवेलमध्ये ठेवून टॉवेलची गुंडाळी करते अन् त्यावर चालते, टॉवेल सगळं पाणी पितो. मग बाजेवर जुनी चादर टाकून, त्या पेपरच्या मापाला लावून आडवा पसरते, सावलीत. बाजेच्या खालून पण हवा लागते, त्यामुळं आपल्याकडच्या मार्चमध्ये एका दिवसात वाळतो. उन्हात टाकायची घाई करू नका, पांढरी लोकर पिवळी पडते आणि रंग उडतो.

बारीकसारीक उरलेलं: बटणं लावून धुवा. गोळे आले तर ओढायचे नाहीत, छोट्या कात्रीनं कापायचे. दर आठवड्याला धुवायची काही गरज नाही, घालून आलं की रात्रभर वाऱ्यावर ठेवा. पण पेटीत टाकायच्या आधी मात्र धुवाच, घाम अन् तेलाच्या डागावर कसर पहिले बसते. हँगर नको, घडी घाला, जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा. आणि अंगठा दाबून बघा, शिवणीपाशी, काखेत जरा जरी दमट लागलं तरी अजून एक दिवस बाजेवर राहू द्या.