जुनी लाकडी फळं आणि निसर्गचित्रं जमवताय? या चुका टाळा

जुनी वस्तू घरी आली की तिला ‘चमकवायची’ घाई होते, आणि तिथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. सावंतवाडीच्या चितारआळीतली जुनी लाकडी फळं घ्या. लाकडावर अस्तर, त्यावर रंग आणि वरून रोगण (वार्निश) असे हे थर. काळाबरोबर रोगण पिवळसर होतं, सीताफळाच्या डोळ्यांमधल्या खाचांत काजळी बसते. मग कुणी थिनरचा बोळा फिरवतं, कुणी खोबरेल चोळतं. थिनरने रोगणाबरोबर खालचा रंगही निघून येतो. तेलाने चार दिवस तुकतुकी येते, नंतर त्यावरच धूळ चिकटून फळ काळवंडतं. ओलं फडकंही नको, कारण अस्तरात सरस (एक प्रकारचा गोंद) असेल तर तो पाण्याने फुगतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. मऊ, कोरडा ब्रश हलक्या हाताने फिरवा, बस्स. पापुद्रे आधीच उचलले असतील तर तोही नको. अशी वस्तू तज्ज्ञालाच दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येईल. नव्याने रंगवून घेतलेलं जुनं फळ माझ्या मते संग्रहातून गेलंच म्हणायचं.

फळाखाली पिठासारखा भुसा पडतोय? भुंगा असण्याची दाट शक्यता. ती वस्तू ताबडतोब इतरांपासून वेगळी करा, काळ्या कागदावर ठेवा आणि पारदर्शक पिशवीत बंद करा. भुसा झटकून काही दिवस पाहा. कागदावर पुन्हा ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. रंगवलेल्या लाकडावर रॉकेल किंवा कीटकनाशक मारू नका.

चित्रांच्या बाबतीत फसगत होते ती ओलिओग्राफमध्ये, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांत. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. त्याआधीपासून युरोपात छापलेली फुलाफळांची, डोंगरदऱ्यांची चित्रंही बाजारात होती. काही छापांवर कॅनव्हासची वीण उठवून वार्निश दिलेलं असे, त्यामुळे लांबून ते थेट तैलचित्र वाटतं. जुन्या बाजारात ‘ओरिजिनल ऑइल’ म्हणून हेच गळ्यात मारलं जातं. भिंगातून पाहा. वेगवेगळ्या रंगांचे बारीक, विस्कळीत ठिपके दिसले तर तो जुना शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेला. ठिपक्यांच्या आखीव, सारख्या ओळी दिसल्या तर ऑफसेट, म्हणजे बराच अलीकडचा. जुना ओलिओग्राफ जरूर घ्या, पण ओलिओग्राफच्या किमतीत. खरं तैलचित्र असेल तर सहीसुद्धा भिंगाखाली धरा: सहीचा रंग जुन्या तड्यांमध्ये उतरला असेल, तर ती सही नंतर केलेली आहे.

जलरंगातल्या निसर्गचित्राचे वैरी दोन, ऊन आणि ओल. आकाशाचा निळा उडाला की तो परत येत नाही. फ्रेमवाला मागे हार्डबोर्ड ठोकतो, त्यातल्या आम्लाने कागद तपकिरी होतो. आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) मागून घ्या, काच कागदाला टेकू देऊ नका. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगणं टाळाच. टांगायचंच असेल तर फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळती राहते.

पावती, विक्रेत्याचं लेखी वर्णन आणि सगळ्या बाजूंचे फोटो पहिल्याच दिवशी ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं कोरीवकाम किंवा चित्र खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलांकडे काही न्यायचं असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी काढून घ्या.