पहिला वाटा कोणाचा? सोलापूरकर कुटुंबासाठी हिवाळी सणांची आखणी

मार्गशीर्ष अमावास्येपासून रथसप्तमीपर्यंतच्या काळात सोलापुरातील घरांत येळवस (वेळ अमावास्या), भोगी, संक्रांत, सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आणि हळदीकुंकू असे सण एकापाठोपाठ येतात. घरातील बायका त्यात दमून जातात आणि मुलांच्या वाट्याला केवळ गोडधोड व यात्रेतले पाळणे येतात. वास्तविक या प्रत्येक सणाच्या मुळाशी कोणाचे तरी ऋण मान्य करण्याची कृती आहे. आपल्याकडे जेवण झाल्यावर आईला 'आभारी आहे' असे कोणी म्हणत नाही, आणि म्हटलेच तर याला आता काय हवे आहे, असा संशय तिला येतो. ऋण मान्य करण्याची आपली रीत वाटा काढून ठेवण्याची आहे. म्हणून या दिवसांची आखणी करताना पदार्थांच्या यादीपासून नव्हे, तर पहिला वाटा कोणाकडे जाणार या प्रश्नापासून सुरुवात करावी.

आखणीची बैठक

मार्गशीर्ष लागताच एखाद्या रविवारी संध्याकाळी घरातील सर्वांनी तासभर एकत्र बसावे. वहीच्या पानावर डावीकडे सणांची नावे लिहावीत आणि उजवीकडची जागा मोकळी ठेवावी. त्यानंतर घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला, म्हणजे आजीला, आजोबांना किंवा माहेरी आलेल्या आत्याला, एकच गोष्ट विचारावी: पूर्वी आपल्या घरातून सणाचे ताट कोणाकोणाकडे जात असे? उत्तरात सालगडी, सुईण, कुंभार, परीट, देवळातील गुरव अशी माणसे येतील. त्यांतील काहींशी असलेला संबंध आज उरलेला नसेल; मात्र त्यांनी केलेली कामे आज कोण करते, याचा विचार मुलांना करू द्यावा. घंटागाडीवरील कामगार, घरकामाच्या मावशी, पहाटे दूध टाकणारा मुलगा, आजोबांच्या आजारपणात रात्री जागलेल्या दवाखान्यातील सिस्टर, अशी नावे मुले मोठ्यांपेक्षा लवकर सुचवतात.

प्रत्येक सणाला एकच नाव पुरे. दहा जणांना डबे पाठवण्याचा संकल्प पहिल्याच वर्षी केला, तर त्याचा भार शेवटी स्वयंपाकघरातील एकाच व्यक्तीवर पडतो, आणि तिचे ऋण कोणाच्याच यादीत नसते. तिच्यासाठी एक सण आधीच राखून ठेवावा. त्या दिवशी चुलीपाशी दुसऱ्याने उभे राहावे आणि तिला पहिल्या पंगतीत बसवावे.

वाट्याचे नियम जुनेच आहेत. वाटा घरातील कोणी जेवण्यापूर्वी वेगळा काढावा, कारण उरलेले देणे म्हणजे देणे नव्हे. तो घरातील माणसाने स्वतः नेऊन द्यावा आणि शक्यतो बरोबर एखादे मूल असावे. घेणाऱ्याला काय चालते, हे आधी विचारून घ्यावे. मधुमेही माणसाच्या हाती पोळ्यांचा डबा देऊन त्याला पेचात टाकण्याऐवजी शेंगाचटणी आणि कडक भाकरी द्यावी. देताना फोटो काढू नये, ही माझी अट थोडी हट्टाची वाटेल, तरीही ती सोडू नये असे मला वाटते.

येळवस: जमिनीचा वाटा

वेळ अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवसीला, सोलापूर, धाराशिव आणि लातूर या पट्ट्यात शेतकरी कुटुंबे सगळा स्वयंपाक घेऊन रानात जातात. या सुमारास रब्बी ज्वारी निसवत असते किंवा तिच्या कणसांत दाणा भरू लागलेला असतो आणि हरभरा घाट्यांवर आलेला असतो. पीक हाती येण्यापूर्वीच जमिनीला जेवू घालण्याचा हा दिवस आहे. मंगळवेढ्याच्या ज्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती पावसाळा सरताना पेरली जाते आणि काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर व थंडीतल्या दवावर वाढते, हे मुलांना बांधावर उभे करून सांगितले, तर जमिनीला काय द्यायचे आणि का, हे वेगळे समजवावे लागत नाही.

आदल्या रात्री आंबील भिजवावी लागते. एक वाटी ज्वारीच्या पिठाला चार ते पाच वाट्या ताक घेऊन गुठळ्या मोडेपर्यंत कालवावे आणि ते मडक्यात झाकून उबदार जागी ठेवावे. सकाळी तीन वाट्या पाण्याला मीठ, जिरे, ठेचलेला लसूण व आले घालून उकळी आणावी, त्यात आंबलेले मिश्रण सतत ढवळत सोडावे आणि कच्च्या पिठाचा वास जाईपर्यंत मंद आचेवर शिजवावे. निवल्यावर पुन्हा ताक घालून ती पिण्याजोगी पातळ करावी आणि वरून कोथिंबीर पेरावी. भज्जीसाठी हरभरा, तूर, वाटाणा, पावटा यांचे ओले दाणे, भिजवलेले शेंगदाणे, मेथी, चाकवत, चुका यांसारख्या पालेभाज्या, गाजर आणि वांगे असे जे मिळेल ते एकत्र शिजवून ताकात कालवलेले डाळीचे पीठ लावतात. तिचे प्रमाण घरोघरी वेगळे असल्याने येथे ते सांगण्यात अर्थ नाही; ज्यांच्या हातची भज्जी आवडते, त्यांच्याशेजारी बसून ती शिकावी. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि तिळाची पोळी असते.

रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात आणि लक्ष्मीची पूजा करून नैवेद्य दाखवतात. त्यानंतर आंबील शेताच्या चारी बाजूंना शिंपली जाते. हे काम मुलांकडे द्यावे आणि त्या वेळी म्हणायचा घोष त्यांना आजोबांकडूनच शिकू द्यावा, कारण तो गावागणिक बदलतो. जेवायला वाटेवरच्या माणसालाही हाक मारली जाते, म्हणून अंदाजापेक्षा दहा माणसांचा स्वयंपाक जास्त करावा.

ज्यांचे शेत नाही, अशा शहरातील कुटुंबांना या दिवशी कोणाचे तरी बोलावणे येतेच. तेथे पाहुण्यासारखे सतरंजीवर बसून राहू नये. सकाळी लवकर पोहोचून कोप बांधायला हात लावावा, उभ्या पिकातून न जाता बांधावरूनच चालावे, जेवणानंतर भांडी घासायला बसावे आणि पत्रावळी, प्लास्टिकच्या बाटल्या परत आणाव्यात. यजमान शेतकऱ्याकडूनच वर्षाची ज्वारी बाजारभावाने घेण्याचे ठरवता आले, तर त्याच्याकडे गेलेला तो सर्वांत मोठा वाटा ठरेल.

१२ जानेवारीची संध्याकाळ

संक्रांतीच्या तोंडावर येणारा हा दिवस आखणीतून अनेकदा सुटतो. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चार सोलापूरकरांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. १९३० च्या मे महिन्यात शहरात मार्शल लॉ पुकारला गेल्यानंतरच्या खटल्यात त्यांना ही शिक्षा झाली होती. त्या संध्याकाळी मुलांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्यावे, चौघांची नावे त्यांच्याकडून पाठ म्हणवून घ्यावीत आणि फुले वाहून परतावे. अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. ज्यांना सुरुवात आणखी आधी करायची आहे, त्यांनी ९ डिसेंबरला भैय्या चौकातील डॉ. कोटणीस स्मारक पाहावे. सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि जखमी सैनिकांची सेवा करीत असतानाच १९४२ मध्ये याच तारखेला तेथे निधन पावले.

भोगी

'न खाई भोगी, तो सदा रोगी' ही म्हण सर्वांना पाठ असते, म्हणून या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. लक्ष्मी मंडईत आदल्या दिवशी सकाळीच जावे, कारण संध्याकाळपर्यंत पावटा आणि ओला हरभरा निवडून उरलेला मिळतो. भाजी तिळाच्या कुटाची, भाकरी तीळ लावलेली बाजरीची आणि त्यावर लोण्याचा गोळा एवढे पुरते. ज्या भाजीवालीकडून वर्षभर भाजी घेतली, तिलाच या भाजीचा डबा दुपारी नेऊन द्यावा. ती दिवसभर भाजी विकते, पण तिच्या घरी भोगीची भाजी शिजायला रात्र होते.

संक्रांत आणि गड्ड्याची यात्रा

बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी, म्हणजेच सिद्धेश्वरांनी, या गावात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि लोकांच्या श्रमातून तलाव खोदवला, असे परंपरा सांगते. त्यांच्या यात्रेत भोगीच्या दिवशी उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात आणि अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, म्हणजे यण्णीमज्जन, होते. संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, त्यानंतर होम, शोभेचे दारूकाम आणि अखेरीस कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरवण्याचा विधी, असा क्रम असतो. सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचे, असा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येचा विवाह त्यांनी आपल्या योगदंडाशी लावून दिला, या कथेवर हा सोहळा उभा आहे.

लहान मुलांना घेऊन अक्षतेला जायचे असल्यास सोहळ्याच्या बऱ्याच आधी पोहोचावे, बाजूची उंच जागा धरावी, पाण्याची बाटली व टोपी जवळ ठेवावी आणि मुलाच्या खिशात घरच्या फोन नंबराची चिठ्ठी घालावी. पांढऱ्या बाराबंदीतील मानकरी काठी पेलत जवळून जाताना 'बोला हर्र' चा गजर होतो, तेव्हा मुलाला खांद्यावर घ्यावे. नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत, आणि कोणता ध्वज कोणाकडे, हे माहीत असणारा शेजारी जवळ उभा असेल, तर मुलाने ते त्यालाच विचारावे. होम मैदानावरील पाळणे दुसऱ्या दिवसासाठी राखावेत. एकाच दिवसात दोन्ही बसवले, की मुलांना केवळ पाळणेच आठवतात.

ज्या सणाची कथा कुंभाराच्या घरातली आहे, त्या सणाची सुगडी घासाघीस करून घ्यावीत, हे मला पटत नाही. सांगितलेली किंमत द्यावी आणि तिळगूळ सर्वांत आधी कुंभाराच्या हातावर ठेवावा. घरी परतताना तलावाच्या काठी थोडे थांबावे. मात्र निर्माल्य, दिवे किंवा पिशव्या पाण्यात सोडू नयेत. ज्या तलावासाठी लोकांनी घाम गाळला, त्याचे ऋण पाणी घाण करून फिटत नाही.

या दिवशी वाटण्यासाठी शेंगापोळीसारखा सोयीचा पदार्थ नाही, कारण ती आठवडाभर सहज टिकते. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून पूर्ण गार करावेत, साले काढावीत आणि थांबून थांबून कुटावेत; गरम असताना किंवा एकसलग दळले, तर तेल सुटून गोळा होतो. त्यात सव्वा वाटी किसलेला गूळ, दोन चमचे भाजलेल्या तिळांचे कूट आणि वेलदोडा घालून मळावे. वरच्या पारीसाठी दोन वाट्या कणकेत दोन चमचे डाळीचे पीठ व कडकडीत तेलाचे मोहन घालून घट्टसर भिजवावे. सारण आणि पारी सारख्याच मऊपणाची असली पाहिजेत, नाहीतर सारण कडेपर्यंत पोहोचत नाही. तांदळाच्या पिठीवर पातळ लाटून, कडा कातून, मध्यम आचेवर खरपूस भाजावी आणि पसरून गार झाल्यावरच डब्यात भरावी.

हळदीकुंकू आणि वाण

रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात दोन बदल करण्याजोगे आहेत. पहिला म्हणजे बोलावण्याच्या यादीतून विधवा स्त्रियांना वगळण्याची रीत बंद करावी. ज्या काकूंनी घरातील बाळंतपणे निस्तरली आणि संक्रांतीच्या पोळ्या लाटल्या, त्यांनाच त्या संध्याकाळी आतल्या खोलीत बसवून ऋणाची भाषा करता येत नाही. कोणा आजींना हे खटकण्याची शक्यता असेल, तर चार दिवस आधी सुनेने नव्हे, तर मुलाने त्यांच्याशी बोलावे. दुसरा बदल वाणाचा. प्लास्टिकच्या डब्यांऐवजी सोलापुरी नॅपकिन किंवा बचत गटाने कुटलेली शेंगाचटणी द्यावी. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि ते विणणारे कामगार आपल्याच पेठांत राहतात.

सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे एकाच गल्लीत असतात. तेलुगू शेजाऱ्यांच्या दारात भोगीला पहाटे शेकोटी पेटते आणि अंगणभर रांगोळ्या निघतात. त्या पाहायला मुलांना लवकर उठवावे. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून नाताळात करंज्या किंवा केक आला असेल, तर तो डबा रिकामा परत करू नये, संक्रांतीला त्यात पोळ्या घालून द्याव्यात.

रथसप्तमी झाली, की वही पुन्हा काढून प्रत्येक नावापुढे वाटा पोहोचला की नाही, एवढेच लिहावे. जो राहिला, त्याच्यासाठी होळीची पुरणपोळी आहे. देणे बाकी असल्यास, विशेषतः मोलकरणीचा पगार, दुकानाची उधारी किंवा घेतलेले उसने, ते याच आठवड्यात चुकते करावे.