म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यातून घरी आणताय? या चुका टाळा

डिस्चार्ज म्हटलं की घरातले सगळे बिलाच्या काउंटरवर. मेडिक्लेमचं अप्रूव्हल यायला संध्याकाळ होते, मग नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून कसंबसं घरी पोचायचं आणि रात्री कळतं की जेवणानंतरची गोळी मेडिकलवाल्याने दिलीच नाहीये. त्यापेक्षा त्या दिवशी दोघं जा, एकाने बिल बघावं, दुसऱ्याने सिस्टरजवळ बसून डिस्चार्ज कार्ड ओळ न् ओळ समजून घ्यावं.

सगळ्यात मोठा घोळ गोळ्यांचा. घरी बीपी-शुगरचा जुना डबा असतोच, त्यात दवाखान्यातून नवी पिशवी येते आणि आपण दोन्ही चालू ठेवतो. नावं वेगळी असतात ना, म्हणून लक्षात येत नाही. टेल्मा आणि टेल्मिकाइंड, दोन्हीत बीपीचं टेल्मिसार्टनच आहे! डबल डोस झाला की बीपी एकदम खाली, आणि पहाटे बाथरूमला उठले की चक्कर येऊन पडलेच म्हणून समजा. म्हणून डिस्चार्जच्या आधीच जुना डबा पट्ट्यांसकट डॉक्टरांसमोर ठेवा आणि एकेक गोळी विचारा, ही चालू का बंद, डोस बदलला का. पट्टीवर बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते बघायचं. बंद झालेल्या गोळ्या घरातून काढाच, नाहीतर "पैसे घालून आणल्यात, वाया कशाला" म्हणत आजी त्या उशीखाली ठेवणार.

दुसरी चूक प्रेमापोटी होते. "आता तुम्ही काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं." अहो, या वयात नुसतं पडून राहिलं की मांड्यांची ताकद भराभर जाते आणि परत यायला फार वेळ लागतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर जेवण खुर्चीत बसून, दात घासायला बेसिनपर्यंत, एवढं तरी करू द्या, वेळ लागला तर लागू दे. फक्त झटकन उठवू नका, आधी पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसवा, मग उभं करा. वॉकरची उंचीही बघा, हात सरळ खाली सोडले की वॉकरची धरायची मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. बऱ्याच घरांत शेजाऱ्यांकडून आणलेला वॉकर तसाच वापरतात आणि मग आजोबा कमरेत वाकून चालतात.

सिडकोतल्या घरांना वर बेडरूम आणि उभा जिना, पंचवटीतल्या जुन्या वाड्यांना उंच उंबरे. "हॉलमध्ये पलंग बरा दिसत नाही" हे सोडा आणि पलंग खाली आणा, बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढ्याच उंचीचा. पायपुसणी उचला, रात्री बाथरूमपर्यंत छोटा दिवा ठेवा. खुब्याचं ऑपरेशन असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद, म्हणजे इंडियन संडासही बंद, कमोडची खुर्ची भाड्याने मिळते.

घरी आल्यावर अचानक बडबडायला लागले, माणसं ओळखेनात, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, साधं बद्धकोष्ठसुद्धा किंवा एखादी नवीन गोळी, यातलं काहीही असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका! चष्मा, कानाचं मशीन मात्र लगेच लावा, निम्मा गोंधळ कधीकधी त्यानेच कमी होतो.

आणि भेटायला येणारे. निफाड, सिन्नरकडून पाहुणे येतात, शुगरवाल्याला द्राक्षं आणतात, किडनीवाल्याला शहाळं (त्यात पोटॅशियम भरपूर!), वर प्रत्येकाला आपलं आपलं औषध सुचवायचं असतं. चार ते पाच एवढीच वेळ ठेवा, राग आला तर येऊ दे.

बिलं नीट जपा. बऱ्याच मेडिक्लेममध्ये डिस्चार्जनंतरच्या औषधांचे, तपासण्यांचे पैसेही ठराविक दिवसांपर्यंत मिळतात. 70 च्या वर असतील आणि आयुष्मान कार्डावर उपचार झाले असतील तर डिस्चार्जनंतरचे 15 दिवस त्यात धरलेले असतात, त्यामुळे त्या औषधांचं निघण्याआधीच आयुष्मानच्या डेस्कवर विचारा.