आधी पाणी, मग उजेड

मे संपत आला की आमच्या दापोलीकडे लाकडं आत घेणं आणि लाइट जाण्याची तयारी, ही दोन कामं ठरलेली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, आणि दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. मुंबईचे नातेवाईक फोनवर विचारतात, "इन्व्हर्टर कुठला घेऊ?" मी म्हणते, आधी टाकी भर.

उजेडावाचून रात्री निघतात हो. पंप बंद पडला की मात्र दुसऱ्या सकाळपासूनच घरात धुसफूस सुरू होते. वादळाचा इशारा आला की वरची टाकी काठोकाठ भरायची, मग पिंपं, बादल्या. प्यायचं पाणी वेगळं, झाकून. विहीर असेल तर रहाट आणि दोर कोरड्या दिवसांतच तपासा. दोर वरून धडधाकट दिसतो आणि आतून कुजलेला असतो. हातात धरून पीळ थोडा उलगडा. आतले धागे काळे पडले असतील, नखाने ओढल्यावर तुटत असतील, तर नवा आणा. भरल्या विहिरीत कळशी गेली की गळ टाकत बसायला भर पावसात कोणी येत नाही.

आता इन्व्हर्टर. १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, हाती लागतात हजार-बाराशे. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा तीसेक, एलईडी बल्ब ९. दोन जुने पंखे आणि चार बल्ब लावले तर पाच-सहा तासांत खेळ खलास. पावसाआधी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत घाला, विहिरीचं नको. पण लाइटच आली नाही तर बॅटरी चार्ज कशावर होणार? म्हणून इन्व्हर्टर रोजच्या जा-ये करणाऱ्या लाइटसाठी. वादळासाठी टॉर्च, जादा सेल आणि सेलवरचा रेडिओ. सोलर कंदील चांगला, पण आमच्या आषाढात त्याला ऊन कुठलं!

जनरेटर आणलात तर घरात नाहीच, पडवीतही लावू नका; त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि जीव घेतो. आणि तो भिंतीतल्या सॉकेटला जोडण्याचा शहाणपणा करू नका. करंट उलटा लाइनीत जातो आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेततं. चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाइनीची नाहीतर जनरेटरची, एकच वीज घरात घेणारा स्विच बसवून घ्या, तोही जाणत्या माणसाकडून.

स्वयंपाकात गॅस चालतो, अडतं ते दळणाशी. गिरणीही लाइटवरच! भाजणी, कुळथाचं पीठ, तांदळाचं पीठ मे महिन्यातच दळून डब्यात हवं. मिक्सरवाचून नडत असेल तर पाटा-वरवंटा माळ्यावरून खाली काढा. फ्रिज उघडला नाही तर चारेक तास थंड राहतो. "बघू अजून गार आहे का" म्हणत दार उघडणाऱ्यांना आधीच तंबी द्या. आमच्या मामंजींचं इन्सुलिन लाइट गेली की घट्ट डबीत घालून, डबी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात जाते. बर्फाला टेकवायचं नाही. गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. न उघडलेल्या बाटल्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या की फोन गेला आणि त्याच्याबरोबर यूपीआयही, तेव्हा दहा-वीस-पन्नासच्या नोटा घरात हव्यात. पाचशेची मोड वाण्याकडेही नसते.

लाइट गेली की फ्रिज, टीव्ही, पंपाची बटणं बंद करा, एक बल्ब तेवढा चालू ठेवा म्हणजे आलेली कळते. येताना व्होल्टेज खालीवर होतं. फ्रिज दहा मिनिटांनी लावा. वाडीत तुटून पडलेली तार मेलेली समजू नका, ओल्या जमिनीवर तिच्या जवळपासही जाऊ नका. कपडे वाळत घालायच्या तारेलाही हात लावण्याआधी वर काय लोंबतंय ते बघा.

महावितरणला कळवायचा नंबर १९१२. शेजारी आपला बारा आकडी ग्राहक क्रमांक लिहून कागद मीटरजवळ चिकटवा. बिल आता मोबाइलवर येतं, तो बंद पडल्यावर क्रमांक शोधणार कुठे?