आई-बाबांना घेऊन लंडन फिरताना: बस आधी, ट्यूब नंतर

वयस्कर आई-वडिलांना लंडन दाखवायला नेलं की बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एक तर टॅक्सीवर पाण्यासारखा पैसा घालवतात, नाहीतर ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, भरवशावर राहून त्यांना दिवसभर जिने चढायला लावतात. माझं मत स्पष्ट आहे. गुडघे कुरकुरत असतील तर लंडन बसने बघावं आणि ट्यूब लांबच्या पल्ल्यापुरती ठेवावी. आईचे गुडघे आणि सासऱ्यांचा दम सांभाळत फिरले आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

पहिली तयारी भारतातच करायची, ती कार्डांची. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. कंडक्टरही नसतो. ड्रायव्हरशेजारच्या पिवळ्या गोल रीडरवर कार्ड टेकवायचं आणि आत जायचं. आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड तिथे चालतं, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे आपल्याकडच्या नव्या कार्डांवर परदेशातले आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दोन्ही सुरू करून घ्या. विमानतळावर ओटीपीची वाट बघत उभं राहण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, एका कार्डावर एकच माणूस. तुमच्या कार्डावर आईलाही आत घेता येत नाही. आई-बाबांकडे स्वतःचं कार्ड नसेल तर ट्यूब स्टेशनवरच्या मशीनमधून दोघांना एकेक ऑयस्टर कार्ड, म्हणजे पैसे भरून वापरायचं तिथलं प्रवासाचं कार्ड, घ्या. कार्डाचे पैसे परत मिळत नाहीत, पण भरलेली रक्कम बुडत नाही, पुढच्या खेपेला चालते. आणि सकाळी जे वापरलं तेच रात्रीपर्यंत वापरायचं. सकाळी प्लॅस्टिकचं कार्ड आणि दुपारी तेच कार्ड फोनमधून टेकवलं, तर यंत्रणेच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी. मग दिवसभराच्या भाड्याला जी कमाल मर्यादा असते तिचा फायदा मिळत नाही. ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं. बाहेर पडताना राहिलं तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. बसमध्ये फक्त चढताना.

आता बसची खरी गंमत. एका भाड्यात पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात हव्या तितक्या बस बदलता येतात. हे भाडं २०२३ मध्ये १.७५ पौंड झालं. ज्येष्ठांसाठी ही सोय म्हणजे वरदानच. आई दमली की उतरायचं, बाकावर बसायचं, मागून येणारी दुसरी बस पकडायची. सगळ्या बस खालच्या पायरीच्या आहेत आणि व्हीलचेअरसाठी रॅम्प असतो. माझी सगळ्यात आवडती १५ नंबर. ट्राफल्गर चौकातून निघते आणि स्ट्रँड, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स कॅथीड्रल करत टॉवर ऑफ लंडनला पोचते. जिना चढता येत असेल तर वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या काचेशी बसा. सेंट पॉल्सचा घुमट हळूहळू समोर येतो तेव्हा गाईडची गरज उरत नाही. बस थांबली असतानाच वर-खाली करायचं, एवढं मात्र आई-बाबांना आधी बजावून ठेवा.

स्टॉपवर नुसता नंबर बघून चढू नका. एकाच चौकात पाच-सहा स्टॉप असतात आणि प्रत्येक खांबावर एक अक्षर असतं. ‘टीएफएल गो’ या लंडनच्या वाहतूक यंत्रणेच्या ॲपमध्ये दिलेलं अक्षर आणि खांबावरचं अक्षर जुळलं की दिशा बरोबर. बस दिसली की हात दाखवायचा, पुढच्या दाराने चढायचं, उतरायच्या आधी लाल बटण दाबायचं आणि मधल्या दाराने उतरायचं.

ट्यूब घ्यावीच लागली तर याच ॲपमध्ये पायऱ्या नसलेल्या स्टेशनांचा नकाशा आहे, तो उघडून ठरवा. बऱ्याच जुन्या स्टेशनांवर जिन्याला पर्याय नाही. कॉव्हेंट गार्डनचा चक्री जिना १९३ पायऱ्यांचा आहे. तिथे लिफ्टसाठी रांग असली तरी लिफ्टच घ्यायची. याउलट २०२२ साली सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्टेशनांवर पायऱ्या टाळता येतात आणि गाड्या एसी. हीथ्रो विमानतळावरून शहरात येताना ट्यूबच्या पिकॅडिली लाइनपेक्षा तिचं भाडं दुपटीहून जास्त पडतं. तरी रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, बॅगा आणि आई-बाबा सोबत असताना, ते पैसे मी आनंदाने देते. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईतल्यांची. सकाळी साडेनऊच्या आत आणि संध्याकाळी चार ते सात ट्यूबच्या वाटेला जाऊ नका.

मराठी घरातले बरेच जण किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर बघायला जातात. शिकत असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं. त्यासाठी नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरायचं, पण उत्तरेकडे जाताना ही लाइन कॅम्डन टाऊनला फुटते. फलाटावरच्या पाटीवर ‘एजवेअर’ लिहिलेली गाडी हवी. ‘हाय बार्नेट’ची गाडी आली तरी बिनधास्त बसा, कॅम्डन टाऊनला उतरून एजवेअरची घेतली की पुढचंच स्टेशन चॉक फार्म. घर तिथून थोडंसंच चालत.

शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी एखादी लाइन बंद असणं तिथे नेहमीचंच. शुक्रवारी रात्री ॲपमध्ये बघून ठेवा आणि त्याच वेळी बसचा पर्यायी नंबर बाबांच्या खिशातल्या कागदावर लिहून द्या. चुकामूक झालीच तर हॉटेलजवळच्या स्टॉपचं नावही त्याच कागदावर असू द्या.