चर्चची घंटा वाजवताना या चुका टाळा

नाताळ जवळ आला की नागपूरच्या सदरपासून कामठीपर्यंत चर्चची साफसफाई निघते. भिंतींना रंग लागतो, चांदण्या टांगल्या जातात, गोठ्याचा देखावा उभा राहतो. मनोऱ्यातल्या घंटेचा दोर मात्र कोणी तपासत नाही. २४ डिसेंबरच्या रात्री तोच दोर ज्याच्या हाती लागेल तो ओढतो.

अशाच एका रात्री दहा-अकरा वर्षांचा एक पोट्टा माझ्या डोळ्यांदेखत दोरासोबत वर गेला. हात निसटू नये म्हणून त्याने मनगटाला वळसा घेतला होता. घंटा उलट फिरली, दोर वर खेचला गेला आणि त्याचे पाय जमिनीपासून हातभर सुटले. "सोड बे, दोर सोड!" मी ओरडलो, पण वळसा आवळला गेला होता. कमरेला मिठी मारून मी त्याला खाली ओढून धरलं, तेव्हा घंटा मंदावली. मनगट मुरगळलं, तळहात सोलला, एवढ्यावर निभावलं. त्या दिवसापासून नवीन माणसाला मी आधी दोर सोडायला शिकवतो, ओढायला नंतर.

मनगटाला, बोटांना, कमरेला, कुठेही दोर गुंडाळू नका. उरलेलं टोक पायाशी वेटोळं करून टाकू नका, त्यात पाय अडकतो. अंगठी आणि हातातलं कडं काढून ठेवा. गळ्यातला मफलर किंवा ओढणी खोचून घ्या.

दुसरी चूक म्हणजे अंगातली सगळी ताकद लावणं. दोर ज्यावरून खाली येतो त्या चाकाला जोडलेली घंटा झोपाळ्यासारखी असते. तिच्या झोक्याला लागणारा वेळ तिचा तिचा ठरलेला असतो, घाई करून तो बदलत नाही. दोर खाली येत असताना ओढायचं, वर जाताना हात सैल ठेवून त्याच्यासोबत जाऊ द्यायचे. थांबवतानाही तसंच. एकदम लटकायचं नाही, दर झोक्याला वर जाणारा दोर हलकेच अडवत न्यायचा.

इंग्लंडच्या पद्धतीत घंटा पूर्ण गोल फिरते आणि तोंड वर करून उभी ठेवता येते. पुण्याच्या पंचहौद मिशनच्या मनोऱ्यात आठ घंटांचा संच आहे. अशी उभी ठेवलेली घंटा खालून दिसत नाही आणि दोर निमूट लोंबकळत असतो. कोणी सहज ओढला की शेकडो किलोंचं धूड उलटतं. तिला अडवणारा लाकडी दांडा मोडला, तर हातातला दोर तत्क्षणी सोडायचा आणि भिंतीला लागायचं. अनोळखी मनोऱ्यात गेलात तर घंटा उभी आहे की खाली, हे विचारल्याशिवाय दोराला हात लावू नका.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. चाक बिघडलं की काही ठिकाणी थेट लोलकालाच, म्हणजे घंटेच्या आतल्या जिभेलाच, दोरी बांधतात आणि खालून ओढतात. ही सवय कुठून येते ते समजतं. देवळात घंटा जागीच असते आणि आपण तिची जीभ हलवतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. मेणवलीची आणि नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच. देवळात हाताने टोला दिला की जीभ आपोआप मागे येते. खालून खेचलेली दोरी मात्र तिला घंटेवर दाबून धरते. घंटेच्या धातूत सुमारे ७७ टक्के तांबं आणि २३ टक्के कथील असतं. हे मिश्रण नाद सुरेख देतं, पण काचेसारखं ठिसूळ असतं. जीभ अशी दाबली गेली की आवाज दबतो आणि कडेला तडा जातो. तोलापेक्षा जड हातोड्यानेही तेच होतं. लंडनची बिग बेन १८५९ मध्ये अशाच जड हातोड्याने तडकली. पुढे ती थोडी फिरवून हलका हातोडा बसवला, तेव्हा पुन्हा वाजू लागली.

घंटेचा आवाज अचानक भद्द किंवा खरखरीत येऊ लागला तर वाजवणं लगेच थांबवा. आधी जिभेचा बोल्ट सैल झालाय का ते पाहा, मग कडेवरून हात फिरवून तडा शोधा. गल्लीतल्या वेल्डरकडून तो जोडून घेऊ नका, साध्या वेल्डिंगच्या उष्णतेने तडा वाढतो. टोला एकाच बाजूला पडत असेल तर दोष बहुधा जिभेच्या खिळीत असतो. घंटेला आतून ऑइलपेंट कधीच लावू नका.

दोराचंही ऋतुमान असतं. नैसर्गिक धाग्याचा पिळाचा दोर ओला झाला की आखडतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत हाताला बरोबर येणारा दोर जुलैत उंच वाटतो, म्हणून मृग लागला की लांबी पुन्हा जुळवा. दोर झिजतो तो वरती, छताच्या भोकापाशी आणि कप्पीवर. वरचे पदर उसवलेत का हे टॉर्च घेऊन पाहावं. गुळगुळीत नायलॉन हातात धरायला वाईट, घसरला की तळहात भाजतो. हाताच्या जागी जाड सुती दोर हवा.

मेघगर्जना सुरू असताना घंटा वाजवू नका. घंटानादाने वीज पांगते अशी युरोपात जुनी समजूत होती. १७८४ मध्ये छापलेल्या एका जर्मन नोंदीप्रमाणे ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि शंभराहून अधिक घंटा वाजवणारे दगावले. ओल्या दोरातून वीज थेट हातापर्यंत येते. विदर्भातल्या वळवाच्या विजा आपण दर वर्षी पाहतोच.

वर ग्रीस द्यायला किंवा कबुतरांची घाण काढायला माणूस चढला असेल, तर खाली दोर उंच बांधून ठेवा आणि दारावर पाटी लावा: वर माणूस आहे, दोर ओढू नये. ती पाटी तोच माणूस खाली उतरून स्वतः काढेल, दुसरा कोणी नाही.